कडधान्याला तेल लावून ठेवणे : कोणतं तेल, किती आणि कधी?

कोठीघर
मंडळी, यंदा घरच्या रानातली अख्खी तूर ४० किलो, मटकी १२ किलो आणि हुलगे ८ किलो आलेत. तूर लागेल तशी भरडून घ्यायची आहे, म्हणजे बरीचशी दिवाळीपर्यंत अख्खीच राहणार. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर घरातला टॉवेलसुद्धा वाळत नाही, तिथं कडधान्य टिकवायचं आहे. पारद टिकडी घालायची नाही हे घरात ठरलंय.

तेल लावा असं सगळे सांगतात, पण प्रमाण विचारलं की 'अंदाजानं' एवढंच उत्तर मिळतं. तर किलोला नेमकं किती तेल? शेंगतेल, एरंडेल की करडई? वास मारतं का? आणि तेल लावलेल्या मटकीला मोड येतात का? पत्र्याचे डबे आहेत, दोन गोणपाटाची पोती आहेत. भरायचं कशात, तेही सांगा.

लक्ष्मीपुरी_कट्टा
अंदाजानं म्हणजे दाणा चमकला पाहिजे, पण हात चिकट व्हायला नको. झालं की, प्रमाण मिळालं!

बियाणे_बाई
कट्टेकर, थट्टेत का होईना, बरोबर बोललात. फक्त त्या चमकेला आकडा आहे. किलोला ५ मिली, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. दहा किलोला ५० मिली, क्विंटलला अर्धा लिटर. बियाण्यासाठी काही जण १० मिलीपर्यंत जातात, खाण्याच्या धान्याला ५ पुरे.

अडचण अशी की ५ मिली तेल किलोभर दाण्यांना पुरणार नाही असं डोळ्यांना वाटतं. हात आपोआप बाटलीकडे जातो आणि दुप्पट पडतं. म्हणून सगळं एकदम घेऊ नका. परातीत दोन-अडीच किलो दाणे घ्या. त्यातल्या मूठभर दाण्यांवर त्या दोन-अडीच किलोचं सगळं तेल ओता, ते दाणे तळहातात चोळून निथळत तेलकट करा आणि मग ती मूठ बाकीच्यात मिसळून दोन्ही हातांनी खालून वर करत पाच ते सात मिनिटं घोळा. दाण्याला दाणा घासून तेल पसरतं. तेल वरून शिंपडलं तर चार दाणे न्हातात आणि चाळीस कोरडे राहतात. कोरडा राहिलेला दाणा किड्याला बरोबर सापडतो.

घोळून झालं की कापडावर सावलीत तीन-चार तास पसरा आणि भरा. तेल लावल्यावर उन्हात टाकायचं नाही. ऊन आधी, तेल नंतर.

घाणेवाला
ताईंनी प्रमाण बरोबर सांगितलं. आता तेलाचं बघू. पाच मिलीत सगळीच तेलं थोड्याफार फरकानं काम करतात, फरक पडतो तो तीन महिन्यांनी.

जवस घ्यायचं नाही. ते हवेत वाळून चिकट पापुद्रा धरतं, दाण्याला दाणा चिकटतो. करडई, सूर्यफूल, सोयाबीन ही तेलं लवकर खवट होतात. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं, म्हणजे डिसेंबरात आलेल्या तुरीला सकाळी लावायला बसलात तर परातीत गुठळ्याच. तीळतेल टिकतं, पण भाव बघा. शेंगतेल मधलं: चार महिने वास धरत नाही, घरात असतंच, आणि भाजीत गेलं तरी चव ओळखीची. एरंडेल सगळ्यांत जास्त टिकतं, पण दाट असतं. बाटली गरम पाण्यात पाच मिनिटं उभी करून ठेवली की पातळ होतं, मग नीट पसरतं.

तळणातलं उरलेलं तेल कुणी काढू नका. ते अर्धं खवट झालेलंच असतं, वर मीठ-तिखटाचा गाळ.

तांबडा_पांढरा
एरंडेल लावलेली तूर खायची? पोटाचं काय होईल ते बघायला अख्खं घर रांगेत उभं राहील बाहेर 😄 शिवाय एरंडाच्या बीत विष असतं म्हणतात ना?

घाणेवाला
@तांबडा_पांढरा, बीत असतं, तेलात नसतं. रिसिन हे विष पाण्यात विरघळणारं प्रथिन आहे, ते पेंडीत राहतं. म्हणून एरंडीची पेंड जनावरांना घालत नाहीत, खत म्हणून रानात जाते. पोट साफ करणारा गुण तेलाचा स्वतःचा आहे, पण मात्रा बघा की भावा. किलोला ५ मिली, माणशी ५० ग्रॅम डाळ, म्हणजे पाव मिली. त्यातलंही बरंच धुण्यात जातं. जुलाबाला मोठ्या माणसाला १५ मिली आणि वर देतात. गुजरातेत एरंडेल लावलेली 'तेली' तूरडाळ वाण्याकडं राजरोस मिळते, घरोघर शिजते.

भुंगेरा_बघ्या
तेल कुठलं यावर चार पानं होतील, पण तेल नेमकं कुणाला मारतं हे कुणी लिहिलं नाही. ते कळलं की 'तेल लावूनही कीड लागली' ही तक्रार राहत नाही.

कडधान्यातला भुंगेरा तांदळातल्या सोंड्यासारखा दाणा पोखरून आत अंडी घालत नाही. मादी दाण्याच्या सालीवर अंडं डकवते. ८० ते १०० अंडी, शक्यतो एका दाण्यावर एकच. आधी अंडं असलेला दाणा ती टाळते, जागा संपली की दाटीवाटीनं घालते. अंडं चार ते सहा दिवसांत उबतं. अळी बाहेर हवेत येतच नाही. अंड्याच्या तळातून थेट साल भोसकून दाण्यात शिरते. खाणं, कात टाकणं, कोष, सगळं आत. बाहेर येण्याआधी ती सालीखाली एक गोल झरोका कोरून ठेवते, साल फक्त कागदाएवढी राहते. २८-३० अंशांना अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंत २५ ते ३० दिवस. बाहेर आलेला भुंगेरा दहा-बारा दिवस जगतो आणि धान्य खातच नाही. त्याला फक्त अंडी घालायची असतात.

तेलाचा पातळ थर अंड्यावर बसला की अंड्याची हवा तुटते, तेल आतही झिरपतं आणि गर्भ मरतो. नवी अंडी तेलकट सालीवर नीट चिकटत नाहीत. भुंगेऱ्याच्या अंगावरची श्वासाची छिद्रंही बुजतात, म्हणून तोही लवकर मरतो. पण जी अळी दाण्याच्या आत गेली, तिला तुमच्या तेलाचा पत्ताही नसतो. ती आत निवांत जेवते आणि महिन्याभरानं झरोका फोडून बाहेर येते.

आता डब्यातले दाणे हातात घेऊन बघा, जमलं तर भिंगानं. पारदर्शक, तेलाच्या थेंबासारखा ठिपका दिसला तर अंडं ताजं आहे किंवा मेलेलं. दुधी पांढरा, खडूसारखा ठिपका दिसला तर अळी आत गेली. आत शिरताना ती मागं भुसा सारते, तो रिकाम्या कवचात भरतो, म्हणून ठिपका पांढरा होतो. बायका 'पांढरं काहीतरी बसलंय, पावडर असेल' म्हणून पुसतात ते हेच.

कोठीघर
बापरे. मग घरात एकही किडा नसताना बंद डब्यात तो येतो कुठून?

भुंगेरा_बघ्या
रानातून. तूर, चवळी, मूग यांच्या शेंगा पिकायला लागल्या की मादी तिथंच शेंगेवर अंडी घालते. फुटलेल्या शेंगेत तर थेट दाण्यावर. मळणी होऊन धान्य घरात येतं ते कधीकधी आतल्या पाहुण्यासकट. म्हणून 'पाडव्याला बघू, सध्या पोत्यात असू दे' हे महागात पडतं. जानेवारीतली तूर एप्रिलपर्यंत पोत्यात ठेवली की तीन पिढ्या झाल्या. एका मादीची ८० अंडी धरली, निम्म्या माद्या धरल्या, तर पुढच्या महिन्यात ४० माद्या आणि त्यांची ३२०० अंडी. सगळी जगत नाहीत, पण डबा उघडल्यावर जी 'एकदम' कीड दिसते ती एकदम आलेली नसते.

गर्दी आणि उष्णता वाढली की यांतल्या एका जातीत उडणारे भुंगेरे जास्त निपजतात. पहिल्या पिढ्या बऱ्याचशा डब्यातच बसतात, नंतरचे उडून शेजारच्या डब्यात. एका मटकीवरून अख्ख्या फळीला लागतं ते असं.

लक्ष्मीपुरी_कट्टा
म्हणजे मटकी मिसळीत जायच्या आधीच तिच्यात मटण पडलेलं असतंय म्हणा!

माडगं_प्रेमी
कट्टा, सकाळ सकाळी नको हो.

मोडाचं मी सांगते. येतात, पण वेळ लागतो, कारण तेलामुळे दाणा पाणी हळू पितो. कोमट पाण्यात मूठभर ज्वारीचं पीठ किंवा बेसन घालून मटकी चोळा, पाणी ओता, पुन्हा एकदा नुसत्या कोमट पाण्यानं धुवा. मग भिजवायला आठऐवजी दहा-बारा तास द्या. फडक्यात बांधताना नेहमीसारखंच. हुलग्याला तसंही उशिराच मोड येतात, त्यामुळे तिथं फरक जाणवत नाही. माडग्यासाठी हुलगे भाजून दळणार असाल तर मात्र तेल लावू नका. भाजताना तेलकट वास धरतो आणि पिठाला लवकर खवट चव येते. आठ किलोच आहेत, ते वेगळ्या मार्गानं ठेवा.

परदेशी_पाखरू
वेगळा मार्ग म्हणजे फ्रीजर. हुलगे दोन-दोन किलोच्या जाड पिशव्यांत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवा. अंडी, अळी, कोष, सगळं मरतं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. गार दाण्यांवर हवेतलं पाणी बसतं, दाणे ओले होतात, मग कीड नाही पण बुरशी. अर्धा दिवस तसंच बंद ठेवा, दाणे खोलीइतके कोमट झाले की मग डब्यात.

शिरोळ_शिवार
हे सगळं तूर-मटकीचं झालं. आमच्याकडं सोयाबीनची पोती पडून असतात, त्याला कोण तेल लावतंय का?

भुंगेरा_बघ्या
@शिरोळ_शिवार, गरज नाही. सोयाबीनवर हे भुंगेरे नीट वाढत नाहीत. सोयाबीनचा शत्रू ओल. राजम्याचंही तसंच: आपल्याकडचा भुंगेरा राजम्यावर अंडी घालतो, पण अळीला तो दाणा पचत नाही, पिष्ट पचवणारं तिचं पाचक द्रव्य राजमा अडवून धरतो. राजम्याचे भुंगेरे वेगळे, मूळचे अमेरिका खंडातले. १९७०च्या दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या संशोधन केंद्रात त्यांच्यावरच घेवड्याच्या दाण्यांना खाद्यतेल लावून प्रयोग झाले. त्याच सुमारास नायजेरियातल्या इबादानला चवळी आणि शेंगतेलावर काम झालं. तिथंही ५ मिलीच्या आसपासच गाडी थांबली.

गावठी हरभऱ्याची साल खरखरीत असते, त्यावर मादी कमी अंडी घालते. काबुली गुळगुळीत, तो आधी जातो. भुईमुगाच्या शेंगा आणि चिंचेचा भुंगेरा तिसराच. शेंगा टरफलासकट ठेवल्या तर टरफलाला भोकं आणि बाहेर चिकटलेले पातळ कोष दिसतात. त्याला तेलाचा उपाय नाही, टरफल भरपूर तेल पिऊन टाकतं.

आजऱ्याची_उतरंड
तेल-बिल सगळं नवं खूळ आहे. पूर्वी राख घालून गाडग्यात भरायचे, वर्षभर हात लावायला लागायचा नाही.

बियाणे_बाई
अण्णा, तेलही जुनंच आहे, पण राखेचं तुम्ही म्हणता ते खरं. फक्त लोक चिमूटभर राख घालतात आणि राखेला नावं ठेवतात. चार मापं दाण्याला तीन मापं चाळलेली, पूर्ण गार झालेली लाकडाची राख लागते, आणि भरल्यावर वर तीन सेंटिमीटर नुसत्या राखेचा थर. दाण्यामधल्या फटी राखेनं बुजतात, बाहेर आलेल्या भुंगेऱ्याला दुसऱ्या दाण्यापर्यंत जाताच येत नाही. चुली गेल्या, आता ४० किलो तुरीला एवढी राख आणणार कुठून? पाच किलो बियाण्याला अजूनही उत्तम.

आजऱ्याची_उतरंड
चार मापाला तीन. हे मात्र आमच्याकडं कुणी मोजलं नव्हतं. वाळलेला कडुनिंबाचा पाला घालतात त्याचं काय?

भुंगेरा_बघ्या
वासानं थोडं फार. त्याच्या भरवशावर मटकी ठेवू नये. ओलसर पाला घातला तर उलट दमटपणा वाढतो. कडुनिंबाचा खरा जोर लिंबोळीच्या तेलात आहे, आणि ते कडू. करंज तेलही तसंच कडू. दोन्ही फक्त पेरायच्या बियाण्याला. पाण्यानं धुतलं तरी आमटीत कडवटपणा राहतो, आणि ही तेलं खायची नव्हेतच.

गडहिंग्लज_बांध
बियाण्याचा विषय निघाला म्हणून. तेल लावलेल्या बियाण्याला पेरणीवेळी रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी धरणारे जिवाणू, नीट चिकटत नाही. गुळाच्या पाण्यातलं संवर्धक तेलावरून घसरतं. मी तरी बियाण्याला तेल सुचवणार नाही. हवाबंद करा. शीतपेयाच्या दोन लिटरच्या बाटल्या धुऊन खडखडीत वाळवा, दाणे आपटत आपटत पार गळ्यापर्यंत भरा, बूच घट्ट लावा. आत जे काही जिवंत असेल ते उरलेला प्राणवायू संपवतं आणि थांबतं. अर्धी बाटली रिकामी ठेवली तर हवा पुरते आणि उपयोग होत नाही. मोठ्या मालाला याच तत्त्वावर तिहेरी पिशव्या मिळतात, आत प्लॅस्टिकच्या दोन आणि बाहेर विणलेलं पोतं. प्रत्येक पिशवी वेगळी पिळून बांधायची.

काहीही केलं तरी पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघा. तूर, मूग, चवळीला ७५ आणि हरभऱ्याला ८५ ही प्रमाणित बियाण्याची किमान रेषा आहे. त्याच्या खाली आलं तर एकरी बियाणं वाढवा किंवा बदला.

तांबडा_पांढरा
एवढं करण्यापेक्षा त्या गॅसच्या गोळ्या टाकल्या की संपलं ना?

बियाणे_बाई
नाही. हे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी स्पष्ट लिहिते. ॲल्युमिनियम फॉस्फाइडची ३ ग्रॅमची एक गोळी हवेतल्या ओलीनं साधारण १ ग्रॅम फॉस्फिन वायू सोडते. तो डब्यात थांबत नाही, खोलीत येतो. झोपायच्या खोलीत कोठी असेल तर माणसं दगावतात. ते काम गोदामात, ताडपत्रीखाली, प्रशिक्षित माणसांचं. घरात अर्धी गोळीसुद्धा नाही. पारद टिकडीत पारा आहे, नावातच सांगितलंय. बोरिक पावडर हे खाण्यात चालणारं द्रव्य नाही. 'धुतलं की जातं' म्हणून कशाचीही खात्री धरू नका.

तांबडा_पांढरा
समजलं ताई. विचार सोडला.

घाणेवाला
कोठीघर, तुम्ही तूर भरडणार म्हणालात, त्याबद्दल एक राहिलं. तेल लावलेल्या तुरीचा फायदाच होतो. डाळ मिलमध्येसुद्धा तुरीची साल आधी थोडी खरवडतात, मग तेल चोळून ठेवतात आणि वाळवतात. तेल सालीखाली मुरलं की साल सुटते, डाळ कमी फुटते. घरच्या जात्यावर भरडताना आधी तूर एक दिवस उन्हात टाका, मग साल हाताला सुटी लागेल.

आजऱ्याची_उतरंड
आणि लाल माती? तुरीला लाल मातीचा लेप देऊन वाळवतात त्याचा किडीला उपयोग होतो म्हणतात.

घाणेवाला
होतो. भिजवलेल्या तुरीला चाळलेल्या लाल मातीचा घोळ लावून रात्रभर रास करतात, मग खडखडीत वाळवतात. मूळ हेतू साल सोडवायचा, पण मातीचा कोट आणि ते कडक वाळवणं, दोन्ही किड्याला नकोसं. भरडायच्या बेतानंच करायचं ते. एकदा भिजवलेली तूर नीट वाळली नाही तर सगळीच गेली.

कोठीघर
सगळ्यांचं वाचून आज भिंग घेऊन बसलो. प्रत्येकातले १०० दाणे मोजून घेतले. मटकीत ठिपका एकही नाही. हुलग्यात दोन, दोन्ही पारदर्शक. तुरीत नऊ दाण्यांवर ठिपके, त्यातले सहा दुधी पांढरे. एक दाणा तर भोक पडून रिकामा. आता?

भुंगेरा_बघ्या
अशी मोजणी केली की उत्तर आपोआप मिळतं. मटकीला थेट तेल, किलोला ५ मिली म्हणजे एकूण ६० मिली. हुलगे फ्रीजरमध्ये. तुरीला आज तेल लावलंत तर शंभरातले सहा दाणे महिन्याभरात फुटणार. तूर आधी तापवून घ्या.

नुसतं ऊन पुरत नाही. उघड्यावर पसरलेल्या थरात भुंगेरे उडून जातात आणि आतली अळी वाचते. स्लॅबवर खाली पिंजर किंवा गोणपाटाचा जाड थर टाका, नाहीतर स्लॅब उष्णता ओढून घेतो. त्यावर काळं प्लॅस्टिक, त्यावर तुरीचा दोन-अडीच सेंटिमीटरचा थर, वर पारदर्शक प्लॅस्टिक, आणि चारी कडा विटांनी दाबून बंद. आत ५७ अंश तासभर टिकलं तर दाण्यातलं सगळं मरतं. स्वयंपाकाचा थर्मामीटर दाण्यात खुपसून ठेवा. स्वच्छ उन्हात अकराला लावलं तर तीनपर्यंत ठेवा. ४० किलो तूर म्हणजे ५० लिटरच्या आसपास माप, त्या जाडीला दोन चौरस मीटर जागा पुरते. एका दुपारचं काम.

वरच्या प्लॅस्टिकला आतून थेंब दिसले तर दाण्यात ओल आहे. उघडा, एक-दोन दिवस साधं वाळवा, मग पुन्हा झाका.

माडगं_प्रेमी
ओल बघायला काचेच्या बरणीत दाणे आणि कोरडं मीठ घालून हलवायचं ना? मीठ काचेला चिकटलं तर ओल.

गडहिंग्लज_बांध
चिकटलं नाही तर १५ टक्क्यांच्या खाली आहे एवढंच कळतं. साठवणीच्या कडधान्याला ९-१० टक्के लागतात. त्याला दात. दाणा दाताखाली कट्‌कन दोन तुकडे व्हायला हवा. चेपला, दबला, तर अजून ऊन पाहिजे.

कोठीघर
तापवल्यावर लगेच भरायचं की गार करून?

बियाणे_बाई
गार करून. गरम दाणा पत्र्याच्या डब्यात बंद केला की रात्री पत्रा गार पडतो आणि आतून घाम धरतो. झाकणाखालचा थर आधी बुरसतो. संध्याकाळी प्लॅस्टिक काढा, रात्री घरात कापडाखाली पसरून ठेवा. सकाळी चाळून भोकाचे दाणे काढा, मग तेल. तुरीला एकूण २०० मिली.

पोती नकोत. गोणपाट तेल पिऊन घेतं, पोत्याला लागलेले दाणे कोरडे पडतात, आणि शिवणीत जुने भुंगेरे असतातच. डबे आतून पुसून एक दिवस उन्हात उपडे ठेवा. ४० किलो एका डब्यात भरू नका, दहा-दहाचे चार करा. एक डबा संपेपर्यंत बाकीचे उघडायला लागत नाहीत. पावसाळ्यात डबा जितक्या वेळा उघडेल तितकी ओल आत येते. डबे जमिनीवर नकोत, फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब.

घाणेवाला
तेलाचा जोर तीन-चार महिने धरा. म्हणजे श्रावणात एखादं कोरडं, उन्हाचं दुपार बघून प्रत्येक डब्यातले शंभर-शंभर दाणे पुन्हा तपासायचे. नवे पारदर्शक ठिपके दिसले तर किलोला अडीच मिली पुन्हा चोळा. दिसले नाहीत तर झाकण लावून गप बसा. वरचेवर तेल लावलं की दाणे चिकट होतात, धूळ बसते, मुंग्या लागतात.

लक्ष्मीपुरी_कट्टा
श्रावणात कोरडं दुपार. आमच्या राधानगरीच्या पाहुण्यांना सांगू नका, हसतील.

घाणेवाला
त्यांनी मग गणपतीनंतर बघावं 😄

तांबडा_पांढरा
जुनी तूर शिजत नाही ती तेलामुळं का?

माडगं_प्रेमी
तेलामुळं नाही. उष्ण आणि दमट जागी महिनोनमहिने राहिलं की कडधान्य कडक होतं, कितीही शिट्ट्या करा. गॅसच्या वरच्या फळीवर डबा ठेवणं हे त्याचं मोठं कारण.

कोठीघर
डबे गॅसच्या वरच्याच फळीवर होते. आजच खाली उतरवले. उद्या ऊन चांगलं आहे म्हणतात, तूर तापवायला घेतो. एक शंका: तापवल्यावर ते पांढरे ठिपके जातील ना? म्हणजे श्रावणात पुन्हा मोजताना गोंधळ नको.

भुंगेरा_बघ्या
जाणार नाहीत. कवच सालीला डकवलेलं असतं, आतली अळी मेली तरी ठिपका तसाच राहतो. म्हणून आज मोजलेला आकडा डब्यावर लिहून ठेवा: शंभरात सहा दुधी, एक भोक. श्रावणात दुधी ठिपके सहाच्या आसपासच आणि भोकं वाढलेली नसली तर आत कुणी जिवंत नाही.

कोठीघर
खडूनं लिहून ठेवलं. तेलानं पुसलं जाऊ नये म्हणून झाकणावर.